बढती मिळते, पण माणसे सांभाळायला कोण शिकवते?

मृण्मयी (सोमवार, सकाळी १०:०५)

नमस्कार मंडळी,

आमच्या संस्थेत दरवर्षी काही अनुभवी कर्मचाऱ्यांना बढती मिळते आणि त्यांच्या हाताखाली आठ-दहा माणसांचा गट दिला जातो. बढतीबरोबर नवे पद येते, अधिकारांची यादी येते, अहवालांचे नमुने येतात. हाताखालच्या माणसांशी कसे वागावे याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मग काही महिन्यांत तक्रारी सुरू होतात. साहेब पूर्ण ऐकूनच घेत नाहीत, चारचौघांसमोर बोलतात, केलेल्या कामाचे श्रेय वर सांगताना आमचे नाव घेत नाहीत, आणि एकदा मनात अढी बसली की ती निघत नाही. तक्रार करणारे आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, दोघेही बहुतेक वेळा सज्जन आणि कामात वाकबगार असतात, हे पाहून मला अधिकच वाईट वाटते.

मी प्रशिक्षण विभागात काम करते आणि या नव्या व्यवस्थापकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा आखण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आजवरच्या कार्यशाळांत वक्ते चांगले असतात, लोक मनापासून दाद देतात, शेवटी भरायच्या फॉर्मवर पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि जागेवर परतल्यावर पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा माझा प्रश्न असा आहे: ऐकून घेणे, चूक न दुखावता दाखवणे, शाबासकी देणे, भांडण मिटवणे, बदलाची बातमी नीट सांगणे या गोष्टी मोठ्या माणसांना खरोखर शिकवता येतात का? येत असतील, तर कशा शिकवाव्यात? ज्यांनी शिकवले आहे, शिकले आहे किंवा चांगल्या-वाईट साहेबांच्या हाताखाली काम केले आहे, त्या सर्वांनी सविस्तर लिहावे.

चौकस (सोमवार, सकाळी ११:२०)

माझे मत स्पष्ट आहे: या गोष्टी शिकवता येत नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे मनापासून ऐकणे हा स्वभावाचा आणि संस्कारांचा भाग आहे. पस्तिशी-चाळिशी उलटलेल्या माणसाला दोन दिवसांत समजूतदार करण्याचा प्रयत्न म्हणजे कोरड्या जमिनीवर पोहायला शिकवणे आहे. संस्थांची खरी चूक निवडीत होते. जो कामात सर्वांत हुशार त्याला बढती द्यायची आणि नंतर त्याला माणसे कळत नाहीत म्हणून हळहळायचे, हा प्रकार थांबवला तर कार्यशाळेची गरजच उरणार नाही.

दुपारपाळी (सोमवार, दुपारी ४:१५)

निवडीबद्दल चौकस यांनी लिहिले ते मला पटते. शिकवता येत नाही हे मात्र पटत नाही, कारण फार मोठ्या प्रमाणावर ते शिकवले गेलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतील अनुभवी माणसे सैन्यात गेली, नवशिके कामगार प्रचंड संख्येने भरती झाले आणि त्यांच्यावर देखरेख करणारे मुकादम आणि सुपरवायझरही नवखेच होते. तेव्हा १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालवला गेला. त्याचे तीन मुख्य भाग होते: काम शिकवणे, कामाची पद्धत सुधारणे आणि तिसरा, ‘जॉब रिलेशन्स’, म्हणजे कामावरचे परस्परसंबंध सांभाळणे. प्रत्येक भाग दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत शिकवला जाई, गट सुमारे दहा जणांचा असे, आणि सोळा लाखांहून अधिक लोकांनी हे प्रशिक्षण पूर्ण केले. युद्धानंतर तोच कार्यक्रम जपानमध्ये नेला गेला आणि तिथल्या कारखान्यांत चांगला रुजला.

मी कारखान्यात सुपरवायझर होतो आणि पुढे सुपरवायझरांना शिकवण्याचेही काम केले. त्या तिसऱ्या भागाची पद्धत मला आजही सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिथे कोणी भाषण देत नाही. प्रत्येकाने आपल्या हाताखालच्या एका माणसाबद्दलचा खरा, चालू असलेला प्रश्न घेऊन यायचे आणि तो सर्वांसमोर मांडून ठरलेल्या टप्प्यांनी सोडवून पाहायचा.

एक उदाहरण देतो. आमच्या एका गटात एका सुपरवायझरने प्रश्न मांडला की एक जुना, हातखंडा असलेला लेथ ऑपरेटर अचानक ढिला पडला आहे, मुद्दाम वेळ काढतो आणि विचारले तर उत्तर देत नाही. सुपरवायझरचा निष्कर्ष ठरलेला होता: अंगात मस्ती आली आहे, मेमो दिला पाहिजे. आम्ही त्याला परत पाठवले आणि सांगितले की आधी पूर्ण हकीकत आणा, त्या माणसाला काय वाटते हेसुद्धा त्याच्याच तोंडून ऐकून आणा. पुढच्या बैठकीत त्याने सांगितले ते असे: त्या ऑपरेटरची पाळी आणि मशीन दोन्ही बदलले होते आणि ही गोष्ट त्याला नोटीस बोर्डावरून कळली, तीही इतरांनी वाचून झाल्यावर. आपल्या कामात काही खोट निघाली म्हणून आपल्याला हलवले, असे त्याने मनाशी धरले होते. प्रत्यक्षात नव्या मशीनवर अचूक हाताची गरज होती म्हणून त्याला निवडले होते आणि हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. मेमो निघाला असता तर एक उत्तम कारागीर कायमचा दुरावला असता.

प्राजक्त (सोमवार, सायंकाळी ६:३०)

दुपारपाळी, उदाहरण फार बोलके आहे. ते ठरलेले टप्पे कोणते होते, हे कृपया लिहाल का?

दुपारपाळी (सोमवार, सायंकाळी ७:५०)

खिशात मावेल असे एक छोटे कार्ड प्रत्येकाला मिळत असे. त्याच्या एका बाजूला टप्पे होते: आधी सर्व माहिती गोळा करा, मग तिचा विचार करून निर्णय ठरवा, मग तो अमलात आणा आणि शेवटी परिणाम तपासा. पहिल्या टप्प्यात संबंधित माणसाचे मत आणि भावना जाणून घ्या असे स्पष्ट लिहिलेले होते आणि दुसऱ्या टप्प्यात घाईने निष्कर्षावर उडी मारू नका अशी सूचना होती. कार्डाच्या दुसऱ्या बाजूला प्रश्न उद्भवूच नयेत म्हणून चार गोष्टी दिल्या होत्या. प्रत्येकाला त्याचे काम कसे चालले आहे ते सांगत राहा; जिथे श्रेय देणे योग्य आहे तिथे ते वेळीच द्या; ज्या बदलाचा परिणाम माणसावर होणार आहे तो त्याला आधी सांगा; आणि प्रत्येकाच्या क्षमतेचा पुरेपूर उपयोग करा. लेथवाल्या ऑपरेटरच्या बाबतीत तिसरी गोष्ट राहून गेली होती आणि तेवढ्यामुळे एवढे रामायण झाले.

अभ्यासिका (सोमवार, रात्री ९:४०)

दुपारपाळी यांची माहिती मोलाची आहे, परंतु मृण्मयी यांनी विचारलेल्या ‘पहिले पाढे पंचावन्न’ या दुखण्यावर एक जुना अभ्यास नेमके बोट ठेवतो, तो इथे सांगणे आवश्यक वाटते. एडविन फ्लाइशमन या मानसशास्त्रज्ञाने १९५३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या फोरमनांचा, म्हणजे मुकादमांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. या फोरमनांना मानवी संबंधांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. वर्ग संपला तेव्हा त्यांच्या विचारांत बदल दिसला, माणसांची कदर करण्याकडे त्यांचा कल वाढलेला होता. परंतु कारखान्यात परतल्यानंतर त्यांचे वागणे पाहिले तेव्हा प्रशिक्षणाचा टिकाऊ परिणाम जवळपास दिसेना. फोरमन कसा वागतो, हे त्याचा स्वतःचा साहेब कसा वागतो यावर अधिक अवलंबून होते. ज्याचा साहेब माणसांची कदर करी, तो फोरमनही तसेच वागे. ज्याचा साहेब केवळ उत्पादनाचे आकडे मागे, तो फोरमन वर्गात शिकलेले बाजूला ठेवी.

मला यात फोरमनांचा दोष दिसत नाही. ज्याच्या हातात आपले मूल्यमापन आहे त्याला काय हवे आहे, हे माणूस बरोबर ओळखतो. म्हणून मृण्मयी, आपल्या कार्यशाळेला कोण बसणार आहे यापेक्षा त्यांचे वरिष्ठ बसणार आहेत की नाही, हा प्रश्न आधी विचारावा असे मला वाटते.

चौकस (सोमवार, रात्री १०:१५)

अभ्यासिका यांनी माझाच मुद्दा सिद्ध केला आहे. साहेबाचे वागणे पाहूनच माणूस वागतो, तर वर्गात शिकवण्याचा खटाटोप कशासाठी?

अभ्यासिका (सोमवार, रात्री १०:४५)

चौकस, साहेबाचे पाहून माणूस वागायला शिकतो, म्हणजे शिकणे होतेच आहे. तुम्ही पहिल्या प्रतिसादात हा उपजत स्वभाव असल्याचे लिहिले होते आणि हा अभ्यास त्याच्या उलट सांगतो. प्रशिक्षण सारखेच होते. वरचे वातावरण वेगळे होते तिथे वागणेही वेगळे होते.

निशिगंध (मंगळवार, सकाळी ६:५५)

रात्रपाळी संपवून लिहीत आहे. मी रुग्णालयात एका वॉर्डची प्रमुख परिचारिका आहे आणि आमच्या क्षेत्रात या विषयाचा संबंध थेट रुग्णाच्या जिवाशी येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगला एकोपा असलेल्या वॉर्डांत चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. शोध घेतल्यावर उलगडा झाला की त्या वॉर्डांत माणसे चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हती, तर इतर वॉर्डांत चुका झाकल्या जात होत्या. १९९९ साली त्यांनी यावर अधिक व्यापक अभ्यास प्रसिद्ध केला आणि मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक किंवा शंका न घाबरता बोलून दाखवता येण्याची, कल्पना तिथून सर्वत्र पोचली.

हे मी रोज पाहते. पाळी बदलताना नवी परिचारिका सांगते, “सिस्टर, सहा नंबरच्या रुग्णाचा संध्याकाळचा डोस मी उशिरा दिला.” त्या क्षणी प्रमुखाच्या चेहऱ्यावर काय उमटते, यावर पुढचे सहा महिने ठरतात. “एवढेही लक्षात राहत नाही का?” असे म्हटले की पुढच्या वेळी ती गप्प बसेल आणि तिचे पाहून इतर दोघी-तिघी गप्प बसतील. “बरे झाले लगेच सांगितलेस, आधी डॉक्टरांना कळवू या आणि रुग्णाचा बीपी बघू या, उशीर कशामुळे झाला ते नंतर बसून पाहू,” असे म्हटले तर रुग्णही सुरक्षित राहतो आणि उशिराचे कारणही कळते. ते कारण पुष्कळदा त्या मुलीच्या निष्काळजीपणात सापडत नाही. दोन वॉर्डांना मिळून औषधांची एकच ट्रॉली असणे, यासारखे ते निघते. हे दुसरे वाक्य मला माझ्या जुन्या इन्चार्जबाईंनी सरावाने शिकवले. नव्या प्रमुखांना त्या मुद्दाम आपल्यासोबत पाळी बदलण्याच्या वेळी उभे करत आणि नंतर विचारत की मी आत्ता काय म्हणाले आणि ते का म्हणाले असेन.

प्राजक्त (मंगळवार, सकाळी ९:१०)

निशिगंध, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. नव्या माणसाला सोबत उभे करून नंतर त्याबद्दल बोलण्याची पद्धत कोणत्याही कार्यालयात वापरता येण्यासारखी आहे.

तालीम (मंगळवार, सकाळी ११:३०)

मी व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाचे काम करतो, त्यामुळे ‘कसे शिकवावे’ या भागाबद्दल लिहितो.

या क्षेत्रात सर्वांत भक्कम आधार असलेली पद्धत म्हणजे आदर्श वागणे प्रत्यक्ष दाखवून त्याची तालीम करून घेणे. १९७० च्या दशकात ती उद्योगांत आली. गॅरी लॅथम आणि लीझ सारी यांनी १९७९ साली चाळीस सुपरवायझरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. प्रशिक्षण आठवड्यातून एकदा, दोन-दोन तास, असे नऊ आठवडे चालले आणि प्रत्येक बैठकीला एकच विषय होता: नव्या माणसाचे स्वागत, चांगल्या कामाची दखल, खराब कामाबद्दल बोलणे, शिस्तीची कारवाई, बदलाला होणारा विरोध, अशा प्रकारचे विषय. प्रशिक्षण न मिळालेल्या गटाशी तुलना केली तेव्हा शिकलेल्यांच्या प्रत्यक्ष वागण्यात फरक दिसला आणि वर्षानंतरच्या मूल्यमापनातही तो दिसला. २००५ साली अशा ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्ञान आणि कौशल्य यांत वाढ मोठी होते, कामावरच्या वागण्यात ती कमी उतरते, आणि तीन गोष्टी केल्या तर जास्त उतरते, असे त्यातून दिसते. पहिली, फक्त चांगला नमुना न दाखवता चुकीचा नमुनाही दाखवणे. दुसरी, प्रशिक्षणार्थींच्या वरिष्ठांनाही प्रशिक्षण देणे, जे अभ्यासिका यांनी वर सांगितलेच आहे. तिसरी, शिकलेले वापरणाऱ्याची दखल आणि न वापरणाऱ्याला विचारणा, अशी व्यवस्था संस्थेने ठेवणे.

एक प्रसंग दाखवतो. एक जण वारंवार उशिरा येतो. सरावाच्या पहिल्या फेरीत बहुतेक नवे व्यवस्थापक असे बोलतात: “तुम्ही हल्ली फार बेजबाबदार झाला आहात. असे चालणार नाही.” समोरचा लगेच बचावाला उभा राहतो, इतर कोण कोण उशिरा येतात त्याची यादी वाचतो, आणि मूळ गोष्ट बाजूला राहून वाद सुरू होतो. दुसऱ्या फेरीत आम्ही वाक्य असे बांधायला सांगतो: “या आठवड्यात तीन वेळा तुम्ही पाळी सुरू झाल्यानंतर आलात. त्या तिन्ही वेळी मागच्या पाळीच्या माणसाला तुमच्यासाठी थांबावे लागले. काय अडचण आहे?” त्यात स्वभावावर शेरा नाही, घडलेली गोष्ट आहे, तिचा परिणाम आहे आणि एक खरा प्रश्न आहे. नंतर गप्प बसायचे. हे गप्प बसणे सर्वांत अवघड जाते. काही क्षण शांतता झाली की व्यवस्थापक स्वतःच उत्तर सुचवू लागतो, “गाडीचा प्रॉब्लेम आहे का?”, आणि समोरच्याला सोपी सबब आयती मिळते. आमच्या वर्गात त्या क्षणी मी हात वर करतो आणि तीच फेरी पुन्हा घेतो. चौथ्या-पाचव्या फेरीला माणूस थांबायला शिकतो, आणि समोर कर्मचाऱ्याची भूमिका करणारा सहकारी नंतर सांगतो की आता मला खरे कारण सांगावेसे वाटले. ते ऐकताना व्यवस्थापकाचा चेहरा उजळतो. एकदा एका गटात कर्मचाऱ्याची भूमिका करणाऱ्याने अशा काही खुबीदार सबबी सांगितल्या की सगळा वर्ग खळखळून हसला, आणि त्या हसण्यानंतर माणसे अधिक मोकळेपणाने सराव करू लागली.

मृण्मयी, सलग दोन दिवसांऐवजी तेवढेच तास दर आठवड्याला थोडे थोडे वाटून घेता येतील का, हे अवश्य पाहा. दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत शिकलेले एक संभाषण खरोखर करून यायचे आणि पुढच्या वेळी काय झाले ते सांगायचे, ही अट घातली की वर्गाला अर्थ येतो.

कळफलक (मंगळवार, दुपारी २:०५)

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. चौकस यांनी निवडीबद्दल लिहिले त्याला आधार आहे, म्हणून ती बाजूही नोंदवतो. बेन्सन, ली आणि श्यू या तीन अर्थशास्त्रज्ञांनी विक्री क्षेत्रातील शंभरहून अधिक कंपन्यांची माहिती अभ्यासून २०१९ साली दाखवून दिले की बढती मिळण्याची शक्यता उत्तम विक्रेत्याला अधिक असते, परंतु असा विक्रेता व्यवस्थापक झाल्यावर त्याच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी तुलनेने घसरते. आमच्याकडे हेच उत्तम प्रोग्रामरच्या बाबतीत घडते. त्याला माणसे सांभाळायची इच्छाही नसते, पण वर जाण्याची दुसरी वाटच ठेवलेली नसते. तज्ज्ञ म्हणूनच वर जाण्याचा समांतर मार्ग ज्या कंपन्यांनी ठेवला आहे, तिथे अनिच्छेने साहेब झालेली माणसे कमी दिसतात.

मात्र निवडीने सगळे सुटत नाही. गुगलमध्ये २००८ साली चांगला व्यवस्थापक कशामुळे ठरतो याचा शोध आतूनच सुरू झाला. कर्मचाऱ्यांची मते आणि मूल्यमापने तपासून निघालेल्या आठ वर्तनांच्या यादीत माणसाला घडवणारा मार्गदर्शक असणे पहिले होते आणि तांत्रिक कौशल्य शेवटचे. तांत्रिक कौशल्यालाच देव मानणाऱ्या लोकांमध्ये हे निघाले, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटते. ती यादी पुढे प्रशिक्षणात वापरली गेली.

ठिणगी (मंगळवार, सायंकाळी ५:२०)

सर्वांचे प्रतिसाद वाचले आणि तरीही मनातली अस्वस्थता लिहिल्यावाचून राहवत नाही. मी कर्मचारी प्रतिनिधी म्हणून काम केले आहे. आमच्याकडे ‘संवाद कौशल्य’ शिकून आलेले व्यवस्थापक मी पाहिले आहेत. आवाज मऊ झाला, नावाने हाक मारू लागले, “तुम्हाला काय वाटते?” असे विचारू लागले, आणि निर्णय मात्र आधीच झालेला असे. सुट्टी नाकारायची ती नाकारलीच, फक्त आता गोड बोलून. एका माणसावर दोघांचे काम टाकलेले असताना त्याचे ऐकून घेतल्याने ओझे हलके होत नाही. माणसांना हे फार लवकर कळते आणि मग खऱ्या मायेने विचारणाऱ्यावरही विश्वास राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी की व्यवस्थापकाच्या हाताखाली पन्नास माणसे असतील आणि त्याचा सगळा दिवस बैठकांत आणि अहवालांत जात असेल, तर त्याने प्रत्येकाशी केव्हा बोलायचे? हा प्रश्न न विचारता त्याला संवेदनशील व्हायला सांगणे हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

संवादिनी (मंगळवार, सायंकाळी ७:००)

ठिणगी यांचा आक्षेप मला या धाग्यातील सर्वांत गंभीर वाटतो. मी समुपदेशनाचे काम करते आणि ऐकण्याचे प्रशिक्षण देते, म्हणून इतिहासातील एक गोष्ट सांगते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांपैकी प्रकाश कमी-जास्त करून कामावर काय परिणाम होतो हे पाहणारा प्रयोग सर्वांना ठाऊक असतो. तिथला मुलाखतींचा कार्यक्रम मात्र क्वचितच कोणाला माहीत असतो. १९२८ पासून तिथे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात. कामगार त्यांची उत्तरे देऊन पुन्हा आपल्या मनातल्या विषयाकडे वळत. तेव्हा पद्धत बदलून कामगाराला जे बोलायचे आहे ते बोलू द्यायचे ठरले, आणि अर्ध्या तासाच्या मुलाखती दीड तासापर्यंत लांबल्या. कामगारांना बोलून बरे वाटले, अशी नोंद झाली. परंतु पुढे यावर जी टीका झाली ती ठिणगी यांच्या शब्दांतलीच आहे: ऐकून घेणे हे तक्रार निवारण्याच्या जागी वापरले गेले तर ते फसवे ठरते.

म्हणून माझ्या वर्गात मी ऐकण्याबरोबर पुढचे पाऊलही शिकवते. ऐकल्यानंतर तीनपैकी एक गोष्ट स्पष्ट सांगावी: हे मी करू शकतो आणि अमुक दिवसापर्यंत करीन, हे माझ्या हातात नाही, पण मी वर मांडीन आणि काय उत्तर आले ते तुम्हाला सांगेन, किंवा हे होणार नाही आणि त्याचे कारण हे आहे. निर्णय झालेलाच असेल तर “तुम्हाला काय वाटते?” असे विचारूच नये, निर्णय सांगावा आणि तो अमलात आणताना काय अडचण येईल ते विचारावे. हा प्रामाणिकपणा शिकवता येतो, कारण तो नेमक्या वाक्यांतून शिकवता येतो.

चौकस (मंगळवार, रात्री ८:३०)

संवादिनी आणि तालीम यांचे प्रतिसाद वाचल्यानंतर माझे मत काहीसे बदलले आहे. स्वभाव बदलता येत नाही हे मी अजूनही म्हणेन, परंतु वाक्य बदलता येते आणि गप्प बसण्याचा सराव करता येतो, हे मान्य करतो. एक शंका आहे. काम कसे चालले आहे ते सांगत राहा, असे दुपारपाळी यांच्या कार्डावर आहे. आमच्याकडे फीडबॅकचा मारा होतो आणि त्यातून माणसे बिथरतात. मग जास्त सांगणे चांगले कसे?

अभ्यासिका (मंगळवार, रात्री ९:१५)

चौकस, शंका अगदी रास्त आहे. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ साली फीडबॅकवरील शेकडो निष्कर्षांचा एकत्रित अभ्यास केला. सरासरी परिणाम चांगला होता, परंतु एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी खालावलेली आढळली. त्यांचे स्पष्टीकरण असे की फीडबॅकमुळे लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळले, म्हणजे ‘मी कसा आहे’ या चिंतेत माणूस अडकला, की परिणामकारकता घटते. तालीम यांच्या दोन वाक्यांत हाच फरक आहे. ‘बेजबाबदार’ हा शेरा माणसावर आहे आणि ‘तीन वेळा पाळी सुरू झाल्यानंतर आलात’ हे काम आणि वेळेबद्दल आहे. ही गोष्ट शाबासकीलाही लागू होते. “तुम्ही फार हुशार आहात” यापेक्षा “तुम्ही अहवालात मागच्या वर्षीची तुलना दिलीत, त्यामुळे बैठकीत निर्णय लगेच झाला” हे बरे, कारण त्यातून ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी काय करायचे ते कळते.

उंचझोका (बुधवार, सकाळी ८:००)

विमान वाहतुकीशी माझा संबंध आहे, म्हणून अधिकार गाजवणाऱ्या स्वभावाची माणसेही शिकतात याचे एक उदाहरण देतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ विमानतळावर दोन जंबो विमानांची धडक होऊन ५८३ माणसे दगावली. उड्डाण सुरू केलेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने, दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका विचारली होती; कॅप्टनने ठामपणे ते बाजूला झाल्याचे सांगितले आणि उड्डाण चालू राहिले. तो कॅप्टन कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ आणि वैमानिकांना शिकवणारा होता. अशा अपघातांनंतर १९७९ साली नासाने कॉकपिटमधल्या माणसांच्या आपसांतल्या वागण्या-बोलण्यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने पहिला व्यापक अभ्यासक्रम सुरू केला. कॅप्टनने इतरांना बोलायला वाव कसा द्यावा आणि कनिष्ठाने शंका ठामपणे कशी मांडावी, हे त्यात शिकवले जाते. १९८९ साली युनायटेडच्याच एका विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे ज्यांच्या जोरावर विमान वळवता येते त्या, निकामी झाल्या. कॅप्टन आल्फ्रेड हेन्स यांनी प्रवाशांत असलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये मदतीला घेतले. विमानातील २९६ जणांपैकी १८४ वाचले, आणि हेन्स यांनी त्याचे मोठे श्रेय या प्रशिक्षणाला दिले.

या प्रशिक्षणातली लक्षात घेण्यासारखी बाब म्हणजे ते एकदा घेऊन संपत नाही. ते ठरावीक काळाने पुन्हा घ्यावेच लागते, आणि कॅप्टन व सहवैमानिक दोघेही ते घेतात.

निशिगंध (बुधवार, सकाळी ९:२५)

उंचझोका यांच्या शेवटच्या ओळीला माझे पूर्ण अनुमोदन. आमच्याकडेही फक्त प्रमुखांना शिकवून उपयोग झाला नाही. कनिष्ठ परिचारिकांना शंका कशी बोलून दाखवावी ते शिकवले, तेव्हा खरा फरक पडला.

मृण्मयी (बुधवार, दुपारी १२:४०)

एवढ्या आपुलकीने आणि तपशिलात लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांच्या आधारे मी आराखडा बदलून वरिष्ठांपुढे ठेवणार आहे. सलग दोन दिवसांऐवजी तेवढेच तास आठवड्यातून एकदा दोन तास असे वाटायचे, प्रत्येक बैठकीला एकच संभाषण घ्यायचे, प्रत्येकाने आपला चालू प्रश्न आणायचा, आणि पहिली बैठक या व्यवस्थापकांच्या वरिष्ठांसाठी ठेवायची. ठिणगी यांच्या मुद्द्यासाठी मी एक मागणी वेगळी मांडणार आहे: ज्याच्या हाताखाली फार मोठा गट आहे त्याला माणसांशी बोलण्यासाठी आठवड्यात राखीव वेळ मिळावा आणि त्या वेळेत बैठक लावू नये.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. परिणाम कसा मोजावा, असे वरिष्ठ नक्की विचारतील. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडलेल्या चार पातळ्या मला ठाऊक आहेत: आवडले का, शिकले का, वागणे बदलले का आणि कामावर परिणाम झाला का. आम्ही आजवर पहिल्याच पातळीवर थांबत आलो. तिसरी पातळी कमी खर्चात कशी तपासता येईल?

तालीम (बुधवार, दुपारी ३:१०)

व्यवस्थापकाला न विचारता त्याच्या हाताखालच्या माणसांना विचारा. प्रशिक्षणाआधी आणि तीन-चार महिन्यांनी, नाव न घेता, तेच मोजके प्रश्न द्या आणि ते घडलेल्या गोष्टींबद्दल ठेवा: गेल्या महिन्यात साहेबांनी तुमच्या कामाबद्दल काही नेमके सांगितले का, तुमच्यावर परिणाम करणारा बदल तुम्हाला आधी कळला का, तुम्ही मांडलेल्या अडचणीचे पुढे काय झाले ते त्यांनी तुम्हाला सांगितले का. ‘साहेब चांगले आहेत का’ असा प्रश्न टाळा. गट लहान असेल तर उत्तरे एकत्र करूनच दाखवा, नाहीतर कोणी काय लिहिले हे ओळखता येते.

ठिणगी (बुधवार, सायंकाळी ४:४५)

मृण्मयी, राखीव वेळेची मागणी वाचून बरे वाटले. तालीम यांच्या यादीत माझ्याकडून एक प्रश्न घाला: गेल्या तीन महिन्यांत तुम्ही साहेबांना नकार किंवा वेगळे मत सांगितले का, आणि त्यानंतर तुम्हाला त्याचा काही त्रास झाला का? आणि उत्तरे आल्यावर ती कर्मचाऱ्यांनाही दाखवा, फक्त वर पाठवू नका.

दुपारपाळी (बुधवार, सायंकाळी ६:००)

पहिल्या बैठकीला वरिष्ठांनाही आपला एक खरा प्रश्न घेऊन यायला सांगा, आणि त्यांच्यातील सर्वांत ज्येष्ठाला तो सर्वांच्या आधी मांडू द्या. आमच्याकडे कारखाना प्रमुखांनी तसे केले होते. त्यानंतर बाकीच्यांपैकी कोणीही ‘माझ्या विभागात सगळे ठीक आहे’ असे म्हणाले नाही. कार्डाचा मजकूर हवा असेल तर व्यक्तिगत निरोपात कळवा, टंकून पाठवतो.